भिंतीतला धूर

मु. पिंपळदरा, ता. नगर
३ सप्टेंबर १९७२

मालकांस चांगुणाचा नमस्कार.

शाळेत गुरुजी म्हनायचे, पत्रात पुस्तकातलं मराठी लिवावं. ते मला सातवीत जमलं न्हाई, आता काय जमतंय. बोलते तसंच लिवते. पाकिटावर तेवढं तुमचं नाव आसाराम पोस्टमनकडून घालून घेते. तो दर खेपंला म्हनतो, "वहिनी, सहादेव एवढं सोपं नाव, तुमाला लिवता येत न्हाई व्हय?" येतं की! पन नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं न्हाई, मग हातानं तरी कसं घ्यायचं?

आता मुद्द्याचं. लढाई डिसेंबरात सपली आन् तुमी मे म्हैन्यात रजेवर आला. रजा म्हैन्याची हुती. मी दारावर तोरन बांधलं, आत्याबाईंनी तुमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. आन् तिसऱ्या दिशी तुमी ताटावरून उठून यष्टीला लागला. ताटात काय हुतं? बाजरीची भाकरी, पिठलं आन् लसनाची चटनी. लहानपनापासून तुमची आवडती म्हनून आत्याबाईंनी सांगितलं, मी पाट्यावर ताजी वाटली. तुमी ताट तोंडाजवळ घेतलं, वास घेतला, सरकावलं आन् परसात जाऊन भडाभडा ओकला. मग आईला म्हनला, "मला बोलावनं आलंय." कुठून आलं? तार न्हाई, कागद न्हाई. आसाराम म्हनतो, माज्या पिशवीतून तर काई गेलं न्हाई बा.

तवापासून मी लिवतेच हाय आन् तुमी गप. मनिआर्डर येते त्यावरून कळतं की मानूस जिता हाय.

शेजारची केशरबाई म्हनती, तिकडं पंजाबात गोरीगोमटी बघितली आसंल. मी म्हनलं, बघू दे, पन त्यासाठी चटनी बघून ओकायला काय झालं? आत्याबाई म्हनत्यात, पोरगं माझं आसं नव्हतं, ह्या बाईचाच पायगुन. मला काईच उमगंना. एकदा वाटतं माजंच काईतरी चुकलं, मग वाटतं काय चुकलं ते तरी सांगा की. तुमाला ही बायको नको आसंल तर तसं लिवा. पायजे आसंल तर या. ह्या दोनाच्या मधी मला लोंबकळत ठिवू नका.

औंदा पाऊस न्हाई. गाव सगळं खडी फोडायच्या कामाला जातंय. छावनीच्या रेंजवर, तोफा डागायच्या माळावर, मातर लाल झेंडं लागत्यात आन् दिवसभर तोफांचं धडाडधूम चालू आसतं. तुमी तोफखान्यात गेल्यापास्नं मी आवाज ऐकून उगंच त्या बाजूला बघते. आपला काय संबंध, तुमची तोफ कुठं आन् ही कुठं!

तुमची (हाय का न्हाई ते तुमीच सांगा)
चांगुणा


पिंपळदरा
१२ ऑक्टोबर १९७२, पाचवी माळ

मालकांस नमस्कार.

रुसवा बाजूला ठिवून लिवते, कारन गोष्टच तशी घडलीय.

घट बसायच्या आदी घर सारवायचं तर औंदा पांढरी माती कुठं गावंना. ओढ्याची माती सुकून दगड झालीय. पन रेंजमधलं तळं आटलंय. आत्याबाई म्हनत्यात, आमच्या जन्मात त्याचा तळ कुनी बघितला नव्हता. झेंडं उतरल्यावर आमी बाया पाट्या घिऊन गेलो. तळाची माती काय सांगू, लोन्यासारखी, ओली, पांढरीफेक. देव्हाऱ्याच्या भिंतीला मी सोताच्या हातानं बोटभर जाड गिलावा दिला. घट बसला, नंदादीप भिंतीला लागून ठिवला.

काल दुपारी आरतीच्या टायमाला दिव्याच्या वर भिंतीतून धूर यायला लागला. दिव्याची काजळी मला कळती हो. हा दिव्याचा नव्हं. हा पांढरा, दाट, भिंतीच्या पोटातून येनारा. आत्याबाईंनी पानी शिपडलं, तर थांबला. भिंत वाळली, परत सुरू. आत्याबाईंनी "आई आली गं माझी" म्हनून लोटांगनच घातलं. घटकाभरात सगळा गाव दारात. नारळाचा ढीग लागलाय. आप्पासाहेब सरपंच दारात मांडव घालायचं म्हनत्यात. काल परेंत मी वाईट पायगुनाची हुते, आज बाया माज्या पाया पडत्यात, कारन गिलावा माज्या हातचा!

मी बी हात जोडले. पन खरं सांगू का, वास मला देवीचा वाटंना. कुनीतरी लसनाची फोडनी करपवल्यासारखा वाटला. मी तसं म्हनले तर आत्याबाई खेकसल्या, "देवीला कसला वास येतो ते तू ठरवनार का गं?"

देवी आसंल तर लई चांगलं. पन ती माती रेंजमधली. तुमी धुरात वावरलेला मानूस. मातीतून आसा धूर निघतो का? मला बायको म्हनून न्हाई तर न्हाई, गावची बाई म्हनून तरी उत्तर द्या.

आनखी एक. सातव्या माळंला मी तुमच्यासाठी कौल लावनार हाय. आत्याबाईंनी सांगितलं तसं, धुराच्या भिंतीची ओली माती मुठीत धरायची आन् देवीला इचारायचं, मानूस घरी येनार का. आरती सपुस्तवर मूठ उघडायची न्हाई. उघडली तर मानूस कायमचा लांबतो. मी आरती सपुस्तवर काय, दसरा सपुस्तवर धरून बसंल. हट्टी हाय मी, तुमाला ठाव हाय.

चांगुणा


पिंपळदरा
२५ ऑक्टोबर १९७२

मालकांस नमस्कार.

अक्षर वाकडं आलंय ते बघून हसू नका. गाईनं हिसका दिला, उजवं मनगट मुरगळलं. डाव्या हातानं लिवते.

तुमचं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी आलं. पाच म्हैन्यांनी पत्र! मी आसारामच्या हातातून हिसकून घेतलं. आन् आत काय? भिंत, भिंत आन् भिंत. भिंतीला हात लावू नका, वली पोती टाका, पोती वाळू देऊ नका, छावनीत कळवा. कुनाच्या अंगाला लागलं तर पान्यात बुडवून ठिवा, तेल-तूप लावू नका. चांगुणा कशी हाय, एवढी दोन अक्षरं कुठं न्हाईत. वाचून मी रडले आन् मग मला माजाच राग आला.

तुमी लिवल्यापरमानं आप्पासाहेबांनी छावनीत कळवलं. जवान आले, वल्या पोत्यांनी भिंत झाकली, मग कुदळीनं गिलावा पाडला आन् पान्याच्या डब्यात भरून नेला. गाव चिडलं हो! आत्याबाई कुदळीच्या म्होरं आडव्या पडल्या. साहेब मराठीच हुता, बिचारा पाया पडून सांगत हुता. म्हनला, "आई, ह्याला पांढरा फॉस्फरस म्हनत्यात. तळ्यात कदीकाळी गोळं पडलं आसतील. पान्यात, चिखलात हा निजून राहतो. वाळला, वारा लागला की आपोआप पेटतो."

मी इचारलं, "हे मानसं जाळायचं गोळं हायेत का?"

तो म्हनला, "न्हाई ताई, हे धुराचे गोळे. निव्वळ धूर करायचे. समोरच्याला आपली मानसं दिसू नयेत म्हनून."

मला काय कळंना बघा. धूर करायचा आसंल तर गवऱ्या पेटवा की! जे आपोआप पेटतं आन् इझत न्हाई, त्याला निव्वळ धूर कसं म्हनायचं? मी परत इचारलं तर साहेब टोपी हातात घिऊन नुसता फिरवत बसला. त्याला बी नीट ठाव नसावं, का ठाव आसून सांगता येत नसावं.

तुमच्या पत्रात एक जागा हाय, तिथं मी अडकलेय. "लसनासारखा वास आसंल तर तोच तो." हे वाचलं आन् मला ते ताट आठवलं. तुमचा चेहरा आठवला. मालक, तो वास तुमी कुठं घेतला? एवढा कुठं घेतला की माज्या चटनीनं तुमाला घरातून उठवलं? खरं सांगते, तसं आसंल तर मला निम्मं बरंच वाटलं. म्हंजे माजं काई चुकलं नव्हतं. आन् निम्मं भ्या वाटलं.

कौलाचं इचारलंत. कौल राहूनच गेला. गडबडीत कुठलं काय.

चांगुणा


पिंपळदरा
१४ नोव्हेंबर १९७२

मालकांस,

आत्याबाईंनी मला न सांगता आसारामकडून माज्या हाताचं तुमाला लिवून धाडलं, ते तुमचं पत्र आल्यावर कळलं. बरं झालं. खोटं लिवायला डावा हात लई येळ घेतो.

व्हय, कौल लावला. गाईनं काई केलं न्हाई, उगं मुक्या जनावराचं नाव घेतलं. आत्याबाईंनी भिंतीच्या खालच्या अंगाची ओली माती माज्या उजव्या हातावर ठिवली, मी मूठ आवळली. आरती सुरू झाली. आदी कोमट लागलं, मला वाटलं देवी पावली. मग चटका. मग बोटांच्या फटीतून धूर. बाया टाळ्या वाजवत हुत्या, "कौल दिला, कौल दिला" म्हनत हुत्या. मला कळत हुतं की हे जाळतंय. पन मूठ उघडली तर तुमी कायमचं लांबनार. आता तुमी म्हनाल, येडी का खुळी? म्हना. त्या टायमाला तुमी न्हाई तर हात, दोनीतलं एकच राहनार, आसं माज्या डोक्यात बसलं हुतं. मी आरती सपुस्तवर धरली.

मग मूठ उघडली तर मातीबरुबर कातडं आलं. केशरबाईनं घागरीत हात बुडवला तवा इझलं, भाइर काढला की परत धूर. आत्याबाईंनी तूप थापलं. त्यांनी मायेनंच केलं, त्यांना शिव्या देऊ नका, त्या तवापासून नीट जेवल्या न्हाईत. पन तुपानं जास्तच खोल गेलं. नगरच्या दवाखान्यात हन्नाबाई नावाची नर्स हाय. तिनं हात पान्यात धरून ठिवला, मोरचुदाचं पानी लावलं, तवा एकेक कन काळा पडून दिसायला लागला, मग चिमट्यानं वेचला. मी बोंबलत हुते आन् ती म्हनत हुती, "बोंबल बाई, पन हात हलवू नको." दोन बोटं आता वळत न्हाईत. बाकी चालतंय.

हे झालं माजं. आता तुमचं.

तुमचं पत्र मी पुन्यांदा पुन्यांदा वाचलं. तुमी पह्यल्यांदाच एवढं लिवलंत. म्हनता, हुकूम धुराचा हुता. आपली मानसं उघड्या रानातून म्होरं जानार, ती दिसू नयेत म्हनून पांढऱ्या धुराची भिंत उभी करायची. तुमी गोळं भरून देत हुता. पलीकडचं गाव रिकामं झालंय, आसं सांगितलं हुतं. लांबून तुमाला तो धूर ढगासारखा चांगला वाटला. हेबी तुमी लिवलंत, आन् तेच तुमाला सगळ्यात जास्त टोचतंय.

मग म्होरं गेल्यावर गावातनं जाताना तो वास. एका दारात म्हातारा पालथा पडलेला, आन् एक बाई त्याच्या पाठीला तेल चोळतेय. पाठीतनं धूर निघतोय. तुमाला शिकवलं हुतं, तेल लावायचं न्हाई. तुमी गाडीतनं वरडला, "तेल मत लगाव, पानी डालो." ती वर्दी बघून भ्याली आन् जास्तच जोरानं चोळाय लागली. गाडी थांबली न्हाई. गोळा आपला हुता का त्यांचाच, ते तुमाला ठाव न्हाई. त्या दिशी दोनीकडनं चाललं हुतं. आपला आसंल तर तुमच्या तोफंचा का दुसऱ्या, तेबी ठाव न्हाई.

आन् शेवटाला लिवता, तुज्या हाताचं कळलं, आता मी कुठल्या तोंडानं घरी येऊ. तू जामखेडला माहेरी जा, दुसरं घर बघ, माजी हरकत न्हाई.

वा रे वा! हरकत न्हाई म्हनं! माज्या हाताचा न्याव तुमी कुनाला इचारून केला? तळ्यातला गोळा तुमी टाकला हुता का? मूठ मी आवळली, तूप तुमच्या आईनं लावलं, आन् शिक्षा घेनार तुमी. आन् ती शिक्षा भोगनार मी, जामखेडला! ह्याला काय अर्थ हाय का?

त्या बाईचं मातर मला सांगता येत न्हाई. मी रोज इचार करते. खडी फोडाय जात न्हाई आता, बसूनच आसते, मग डोकं चालू राहतं. एकदा वाटतं, तुमची काय चूक, हुकूम धुराचा हुता, जवानांचा जीव वाचवायचा हुता. मग माज्या हाताकडं बघते आन् वाटतं, त्या म्हाताऱ्याच्या पाठीला हुकूम सांगून काय उपेग. दोनी खरं वाटतं. साहेब बी खोटं बोलत नव्हता, धुरासाठीच करत आसतील. पन माज्या मुठीत तो धूर नव्हता, इस्तव हुता. कुठं बोट ठिवू ते कळत न्हाई. तुमाला कळत न्हाई, साहेबाला कळत न्हाई, मग सातवी शिकलेल्या बाईला कुठनं कळनार?

एवढं मातर कळतं. मी जामखेडला जानार न्हाई. रजा काढा आन् या. आला न्हाईत तर मी आत्याबाईंना घिऊन तुमच्या पाकिटावरचं ते छप्पन्न ए.पी.ओ. हुडकत निघंल. आसाराम म्हनतो, ते गाव नव्हंच, नुसता पत्ता हाय, तिथं यष्टी जात न्हाई. मी म्हनलं, बघू.

चांगुणा


ओसरीवर, इथंच
२१ डिसेंबर १९७२

मालकांस नमस्कार.

ह्या पत्राला तिकीट लागलं न्हाई. आत्याबाईंच्या हातानं स्वैपाकघरातनं ओसरीवर धाडते.

तुमी आलात, आज चौथा दिस. आईशी वैरनीचं बोलता, आप्पासाहेबांशी पावसाचं बोलता, आसारामशी तर हसला बी. माज्याशी बोलायची येळ आली की तुमाला गोठ्यात काम निघतं. ताट ओसरीवर मागून घेता. मी पान्याचा तांब्या ठिवायला आले की खाली बघता, आन् मी वळले की माज्या पदराखालच्या हाताकडं बघता. मला पाठीला डोळं न्हाईत, पन केशरबाईला हायेत.

परवा तुमी देव्हाऱ्याची भिंत लिंपायला घेतली. शेतातली माती आनली, ती बी पोत्यावर पातळ पसरली आन् उन्हात दिवसभर तिच्यापाशी बसून राहिला. हातात पान्याची बादली. गावची मानसं हसून गेली. आत्याबाई म्हनल्या, "मातीला काय कोंबडी टोचती का रे, राखन कशाची करतोस?" मला हसू आलं न्हाई. मी खिडकीतनं बघत हुते. ऊन कललं, धूर निघाला न्हाई, तवा तुमी मान खाली घातली आन् खांदं हलाय लागलं. तवा मी भाइर यायला पायजे हुतं. पाय उचलला न्हाई. म्हनून लिवते.

तुमच्या मनात एक इचारायचं हाय, ते मला ठाव हाय. मी माफ केलं का, आसंच ना? कशाचं माफ करू? माज्या हाताचं म्हनाल तर तिथं तुमचा गुन्हाच न्हाई. त्या बाईचं म्हनाल तर ते माज्या हातात न्हाई. ते तिनं करायचं. ती कुठं हाय, तो म्हातारा जगला का, ते आपल्याला कदी कळनार न्हाई. तिच्या वतीनं मी बोलनार न्हाई, आन् तुमी बी माज्याकडनं ते मागू नका. ते तुमाला जवळ घिऊनच राहावं लागंल. मला बी राहावं लागंल, तुमच्यासंगं.

माज्या वतीनं बोलते. पाच म्हैनं गप बसला, त्याचा राग हाय. तो एवढ्यात जानार न्हाई, येळ मिळंल तशी भांडंन. आन् तुमी दारात उभा राहिला तवा मला एवढं बरं वाटलं की चुलीवरचं दूध उतू गेलं, तरी मी हलले न्हाई. ही दोनी एकाच टायमाला कशी आसत्यात, मला न्हाई कळत. पन हायेत.

आत्याबाई अजून म्हनत्यात, कौल खरा झाला, पोरगा घरी आला, देवीच हुती. मी वाद घालत न्हाई.

माजा हात तुमी अजून बघितला न्हाई. तो चांगला दिसत न्हाई, आदीच सांगते. रोज सांच्यापारी पट्टी सोडून कोमट पान्यानं धुवावा लागतो, बोटं एकेक करून सरळ करावी लागत्यात, तवा लई दुखतं आन् मी शिव्या देते. आजपरेंत हे केशरबाई करत हुती. आज तिला येऊ नको म्हनून सांगितलंय. पानी तापलंय.

चांगुणा